अंबाझरीतला ‘पिरान्हा’ आणि बाजारातला रूपचंद

पावसाळ्यात तलाव भरत आले की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. तलावाचं नाव तेवढं बदलतं. कधी अंबाझरी, कधी फुटाळा, मधूनच गोरेवाडा. सोबत फोटो: चपटा, गोलसर, पोटाशी लालसर मासा कुणीतरी दोन्ही हातांनी धरलेला, आणि तोंड फाकवून दात दाखवलेले. खालचा मजकूर थोडक्यात असा की हा ब्राझीलचा नरभक्षक पिरान्हा आहे, तीन मिनिटांत माणसाचा सापळा करतो, रक्ताचा एक थेंब त्याला कोसभरावरून कळतो, टोळीनं शिकार करतो, बाजारात ‘रूपचंद’ म्हणून विकतात तो हाच, त्यामुळे खाऊ नका, आणि महापालिका डासांसाठी विहिरीत जे बारके मासे सोडते ती याचीच पिल्लं. शेवटी ‘मुलांना तलावाकडे पाठवू नका, दहा ग्रुपला फॉरवर्ड करा’.

मुलांना तलावाकडे एकटं पाठवू नये, हे बरोबरच आहे. पण त्याची कारणं गाळ, खोली आणि पायात अडकणारी जलपर्णी अशी आहेत. बाकी मजकुरात तथ्य फार थोडं आहे, आणि ते नेमकं कुठे आहे हेही पाहायला हवं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी फोटो. सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

ज्याच्या नावानं ही बोंब चालते तो लाल पोटाचा पिरान्हा, शास्त्रीय नाव पायगोसेंट्रस नॅटेरेरी. योहान नॅटरर नावाच्या ऑस्ट्रियन संग्राहकानं ब्राझीलमध्ये १८ वर्षं काढली, त्याचं नाव या माशाला मिळालं. शास्त्रीय वर्णन रुडॉल्फ क्नेर यानं १८५८ साली केलं. ॲमेझॉन, पाराग्वे-पाराना आणि एसेक्विबो ही नद्यांची खोरी आणि ईशान्य ब्राझीलच्या काही किनारी नद्या, एवढं याचं मूळ घर. अंगानं उंच आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा. डोकं बोथट, खालचा जबडा पुढे आलेला. पाठ राखाडी, कुशीवर चमचमणारे बारीक खवले, गळ्यापासून पोटापर्यंत शेंदरी-लाल रंग. पोटाची कड दातेरी असते, बोट फिरवलं तर टोचते. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. पिल्लं चंदेरी असतात आणि त्यांच्या अंगावर काळे ठिपके असतात. विणीच्या दिवसांत मोठ्या माशांचा लाल रंग फिका पडून सगळं अंगच काळपट होतं. म्हणजे ज्या रंगावरून लोक ओळख पटवतात, तो रंग त्याच माशात वर्षभर टिकत नाही.

रूपचंद म्हणजे पाकू, पियारॅक्टस ब्रॅकिपोमस. तोही दक्षिण अमेरिकेचाच आणि पिरान्ह्याच्याच कुळातला. लहानपणी त्याचंही पोट लाल असतं, बांधाही तसाच चपटा-गोल. बाजूनं काढलेल्या फोटोत गफलत होणं साहजिक आहे. मत्स्यालयाच्या दुकानांत ‘पिरान्हा’ सांगून पाकूची पिल्लं खपवली जातात ती याच साम्याच्या जोरावर. पण दात पाहिले की प्रश्न मिटतो. फॉरवर्ड करणाऱ्याची गंमत अशी की तो स्वतःच दातांचा फोटो पाठवतो आणि तो फोटोच त्याला खोटं पाडतो.

सदरच्या मंगळवारी बाजारात एका मावशीकडे रोहू-कतल्याच्या शेजारी बर्फावर रूपचंद मांडलेले होते. ‘मावशी, याला पिरान्हा म्हणतात नं?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘काहीच्या काही बोलून राहिले भाऊ तुम्ही! रूपचंद आहे. घ्याचा असंन तं घ्या, नाही तं सरका.’ दात दाखवा म्हटलं तर कुरकुरत अंगठ्यानं वरचा ओठ मागे सारला. आत जाडसर, चौकोनी, पिवळट दात. वरच्या जबड्यात दोन ओळी, एकीमागे एक. माथे दाढांसारखे रुंद. मावशींनी एका दातावर सुरीची मूठ टकटक आपटून दाखवली. हे दात कठीण कवचाच्या बिया फोडायचे आहेत. ॲमेझॉनला पूर आला की जंगल पाण्याखाली जातं, आणि पाकू झाडांमध्ये फिरत पडलेली फळं आणि बिया खातो. न फुटलेल्या बिया त्याच्या पोटातून दूरवर जाऊन पडतात, त्यामुळे त्या जंगलात बी पसरवणाऱ्या प्राण्यांत याची गणना होते.

पिरान्ह्याचे दात वेगळेच. वर एक ओळ, खाली एक ओळ, प्रत्येक दात त्रिकोणी आणि पात्यासारखा, शेजारच्या दातात अडकवलेला. तोंड मिटलं की वरचे दात खालच्यांच्या फटींत नेमके बसतात आणि मधलं मांस कापलं जातं. दात झिजले की एकेक पडत नाही, जबड्याच्या एका बाजूचे सगळे एकदम पडतात. खाली नवी ओळ तयारच असते, आणि तोवर दुसऱ्या बाजूनं काम चालू राहतं. तेव्हा फोटो मोठा करून पाहावा. चौकोनी दात म्हणजे पाकू. वजनही बघावं. लाल पोटाचा पिरान्हा साधारण वीतभराचा असतो, फूटभराचा म्हणजे मोठाच. ‘पाच किलोचा पिरान्हा सापडला’ असं वाचलं की तिथंच थांबायला हरकत नाही. पाकू मात्र २५ किलोपर्यंत जातो.

आता तीन मिनिटांचा सापळा.

ही गोष्ट इंग्रजी वाचणाऱ्या जगात पक्की केली थिओडोर रूझवेल्टनं. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडल्यावर १९१३-१४ मध्ये तो ब्राझीलच्या कर्नल रॉन्डनबरोबर एका अज्ञात नदीच्या मोहिमेवर गेला आणि १९१४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं पिरान्ह्याला जगातला सर्वांत क्रूर मासा ठरवलं. स्थानिक लोकांनी जाळी लावून, उपाशी ठेवलेले मासे त्याच्यापुढे सोडले आणि तमाशा दाखवला, असं पिरान्ह्याची बाजू घेणारे बहुतेक लेख सांगतात. मी ती गोष्ट वापरत नाही, कारण ती रूझवेल्टच्या मजकुरात नाही, आणि फॉरवर्डला उत्तर फॉरवर्डनंच द्यायचं तर मग भांडण कशाला? त्याच पुस्तकात एक साधी नोंद आहे ती जास्त कामाची: रॉन्डन एकदा पाण्यात उतरला आणि पिरान्ह्यानं त्याच्या पायाचं एक बोट तोडलं. बोट गेलं. कर्नल पुढे कित्येक वर्षं जंगलं मोजत फिरला.

पिरान्ह्याचा खरा चावा असाच असतो: एक, खोल, कापल्यासारखा, आणि मासा पसार. साओ पाउलो राज्यातल्या एका धरणाच्या जलाशयात पाच वीकेंडांत ३८ जणांना चावे बसले. तो पिरान्हा दुसऱ्या जातीचा होता. हदाद आणि साझिमा या ब्राझीलच्या संशोधकांनी २००३ साली ते प्रकरण छापलं. माणशी चावा बहुतेक एकच. कारण असं की धरणानं पाणी संथ झालं, काठाला पाणवनस्पती माजल्या, त्यात माशांनी अंडी घातली, आणि पोहणारे नेमके तिथेच उतरले. अंड्यांवर पहारा देणारा मासा जवळ आलेल्या पायाला चावतो. २५ डिसेंबर २०१३ ला अर्जेंटिनात रोसारियोजवळ पाराना नदीत साठ-सत्तर जण एका दिवशी जखमी झाले. उन्हाचा कहर होता, नदी माणसांनी फुललेली होती. एका लहान मुलीच्या बोटाचा तुकडा गेला. जगभर बातमी झाली, मेलं कुणीही नाही, आणि उकाड्यापुढे चाव्याचं काय म्हणून लोक थोड्या वेळानं परत पाण्यात उतरले. मे महिन्यात नागपुरात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

सापळ्याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. साठ किलोच्या माणसाचं मऊ मांस पस्तीस-चाळीस किलो धरू. अर्धा किलोचा मासा एका वेळी पन्नास ग्रॅम खाईल, हे मी सढळ हातानं धरतोय. म्हणजे आठशे मासे लागले, सगळे उपाशी, आणि सगळ्यांना एकाच वेळी अंगाशी जागा मिळायला हवी. ब्राझीलमधल्या पांतानालच्या दलदलीत निरीक्षण केलेले थवे वीस-तीस माशांचे होते. त्यांच्या पोटात दीड किलोच्या वर काही जायचं नाही.

मग सापळे सापडतात ते कुठून? पिरान्हा मेलेलं खातो. नदीत बुडालेला माणूस, वाहून आलेलं जनावर, जाळ्यात अडकलेला मासा, यांचं मांस तो खातो यात शंका नाही. प्रेत दोन दिवसांनी वर आलं आणि कुरतडलेलं दिसलं की लोक म्हणतात पिरान्ह्यानं मारलं. आपल्याकडेही बुडालेल्याच्या अंगावर खेकड्या-माशांच्या खुणा असतात, पण त्यावरून कुणी खेकड्यावर खुनाचा आळ घेत नाही. पिरान्हा खरोखर धोक्याचा होतो ती वेळ म्हणजे कोरडा काळ. मध्य ॲमेझॉनमध्ये नदीची पातळी वर्षात दहा-दहा मीटर वरखाली होते. पाणी ओसरलं की डबकी उरतात, त्यात मासे कोंडले जातात, खायला काही नसतं. अशा डबक्यात पाय घालू नये हे तिथलं पोरही जाणतं. बाकी वर्षभर त्याच नद्यांत लोक पोहतात, कपडे धुतात, मासे साफ करतात. कोळ्यांना चावे बसतात ते बहुतेक होडीत, गळातून किंवा जाळ्यातून मासा सोडवताना. आणि पिरान्ह्याचा रस्सा तिथे चवीनं खाल्ला जातो. काटे फार, एवढीच तक्रार.

रक्ताच्या थेंबाचं प्रकरण लांबवण्यात अर्थ नाही. पिरान्ह्याचं नाक तीक्ष्ण आहे, गढूळ पाण्यात राहणाऱ्याचं असायलाच हवं. पण वास पाण्यातून वाहत यावा लागतो. कोसभराचा वास तलावाच्या थांबलेल्या पाण्यात थेंबाथेंबानं येत नाही. जवळच्या सावजाचा माग त्याला पाण्याच्या हालचालीवरूनही लागतो. कुशीतून जाणारी संवेदनरेषा ते काम करते. झाडावरून फळ पडलं, किडा फडफडला, की तो तिकडे वळतो.

टोळीची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यातूनच घोळ होतो. पिरान्हे थव्यानं राहतात. पण का? ब्राझीलमधल्या मामिराउआ या राखीव क्षेत्रात हेल्डर केरोझ आणि ॲन मॅगरन यांनी याचा अभ्यास केला. त्यांनी मासे दोन, चार आणि आठच्या गटांत टाक्यांत ठेवले आणि कल्ले किती वेळा उघडझाप होतात ते मोजलं. आठच्या गटात श्वास संथ, दोनच्या गटात धाप. मग वरून पाणकावळ्याची प्रतिकृती पाण्यात घुसवून खोटा हल्ला केला, तर आठाच्या गटातले मासे लवकर शांत झाले. हे २००५ साली छापून आलं. एकटा पिरान्हा घाबरतो, असा त्याचा सरळ अर्थ. घाबरायला कारणंही भरपूर: मगरीच्या जातीचे कैमन, नदीतले डॉल्फिन, मोठे मासे, पाणपक्षी. शिकारीसाठी फौज काढावी असं त्याचं राहणीमानच नाही. सकाळी आणि संध्याकाळी पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचं, जवळून जाणाऱ्याच्या पराचा किंवा कुशीचा लचका तोडायचा. शिवाय किडे, झिंगे, फळं, बिया, मेलेलं, जे मिळेल ते. कुळातल्या काही जाती तर दुसऱ्या माशांचे नुसते खवले आणि परांच्या कडा खाऊन जगतात.

आणि हा मासा गप्प बसत नाही. हातात धरला तर भुंकल्यासारखा आवाज काढतो, हे कोळ्यांना माहीत होतंच. बेल्जियमच्या संशोधकांनी २०११ साली टाक्यात माइक सोडून तीन वेगवेगळे आवाज टिपले. दोन मासे समोरासमोर आले की भुंकणं. एकमेकांभोवती घिरट्या घालत अन्नावरून झटापट झाली की ढोलावर थाप पडावी तसा ठोका. आणि पाठलाग करताना दात करकरणं. पहिले दोन आवाज पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू काढतात. बहुतेक वेळी प्रकरण आवाजावरच मिटतं, चाव्यापर्यंत जात नाही.

‘रूपचंद खाऊ नका’ या सल्ल्याला उत्तर दोन ओळींत होतं. रूपचंद आपल्याकडे शेतीत वाढवला जातो, आंध्रच्या तलावांतून तो बर्फात घालून सगळीकडे जातो, आणि त्यात विष नाही. उद्या तो खरोखर पिरान्हा निघाला असता तरी विषारी ठरला नसता, वर रश्श्याचं सांगितलंच.

महापालिकेचे डासांवरचे मासे म्हणजे गप्पी. बोटाच्या पेराएवढे. मादी जिवंत पिल्लं देते. पिरान्हा पाणवनस्पतींत वाटीसारखा खळगा करून हजारो अंडी घालतो. दोघं एकाच खंडातले एवढंच नातं, त्यावरून एक दुसऱ्याचं पोर होत नाही.

आता उलट्या बाजूचा एक दावा, जो मेसेज खोडून काढणारे हिरिरीनं करतात: ‘अहो, हा ॲमेझॉनचा मासा, नागपुरात जगणारच नाही.’ हेही चूक आहे. या माशाला २४ ते २८ अंश पाणी मानवतं. १२-१३ अंशांच्या खाली गेलं की तो खातपीत नाही आणि दगावतो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत हवेचा पारा दहाच्या खाली उतरतो खरा, पण तलावाचं पाणी तेवढं गारठत नाही. कुणी मत्स्यालयातले पिरान्हे अंबाझरीत ओतले तर थंडीनं आपलं रक्षण होईल या भरवशावर राहू नये. मेसेज खोटा आहे, पण त्यावरून माशांना तलावात सोडणं निरुपद्रवी आहे असा अर्थ काढू नये.

पिरान्ह्याची बोंब ठोकताना जे खरोखर घडलंय ते कुणाच्या ग्रुपवर येत नाही. २०१८ च्या पुरानंतर केरळमध्ये चालकुडी नदीत अरापायमा (हाही दक्षिण अमेरिकेचाच, अवाढव्य मासा) आणि पाकू सापडले, शेततळ्यांतून वाहून आलेले. उजनी धरणात चिलापी (तिलापिया, तीही परदेशीच) माजली, आणि ती खाऊन लोक जगतात म्हणून तिला कुणी नावं ठेवत नाही. थाई मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मासा २००० सालापासून देशात बंदी असलेला आहे. तरी तो चोरून पोसला जातो. ओल्या जमिनीवर सरपटत पुढच्या डबक्यात पोचतो, हवेतून श्वास घेतो आणि समोर येईल ते गिळतो. त्याच्या तोंडाचा फोटो पिरान्ह्याएवढा भयंकर दिसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा कमी.

आणि अंबाझरीतून काही बाहेर पडलं तर ते अंबाझरीत थांबत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून नाग नदी लोकांच्या घरांत शिरली ते शहर विसरलेलं नाही. त्या पाण्याला पुढे वाट आहे: नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण. शहराचं सांडपाणी जर तिथवर पोचतं, तर मासा का नाही पोचणार? त्या पट्ट्यात ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं नदीवर आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर चालतात. रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत घेऊन सोडायची, ती वाढेपर्यंत थांबायचं, मरळ-वाम नशिबानं मिळायचे. कुणीतरी कंटाळून ओतलेला मत्स्यालयाचा मासा ती बोटुकली खातो, आणि त्याची नुकसानभरपाई कुठल्याही ग्रुपवर मिळत नाही.

म्हणून तलावात काही वेगळा मासा गळाला लागला तर त्याचं तोंड उघडून समोरून आणि बाजूनं, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. बोट आत घालू नका, रूपचंदाच्या दाढासुद्धा हाड फोडतात. मासा परत पाण्यात टाकू नका. बर्फात ठेवून तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात नेऊन दाखवा. आणि घरचं मत्स्यालय बंद करायचं असेल तर मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. फुटाळ्याला नेऊ नका.